मामा, पाइप कोणता घेऊ?

४ मार्च

मामा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार समज.

आधी भांडण. तुझा फोन कधी दुरुस्त होणार आहे? मी फोन केला की तू उचलतोस, 'हं' म्हणतोस आणि ठेवून देतोस. मग मेसेज येतो, 'फोनात बिघाड आहे, माझं बोलणं पलीकडे जात नाही.' आयुष्यभर बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटींची इंजिनं खोललीस आणि जोडलीस, आणि तळहाताएवढा फोन तुला दुरुस्त करून आणता येत नाही? आई म्हणते, "त्याला बोलायचंच नाहीये. वहिनी गेल्यापासून माझा भाऊ घुम्या झालाय." म्हटलं, बोलत नाही तर लिहील तरी. म्हणून हा कागद.

आता काम. मला पाइप घ्यायचा आहे. ओढायचा. कोणाला भेट द्यायला नाही, माझ्यासाठी.

लगेच कपाळाला हात लावू नकोस. तुला माहीत आहे, लॅबमध्ये माझा दिवस कसा जातो. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, आम्ही त्यांवर कवळ्या आणि दात बनवतो, आणि प्रत्येक डब्यावर 'अर्जंट' लिहिलेलं असतं. तोंडाला मास्क, नाकात प्लास्टरची भुकटी, कानात पॉलिशच्या चाकाची घरघर. घरी आले की आई विचारते, "झालं का?" काय झालं का, ते तिलाही माहीत नसतं.

मी लहान असताना तू पाळी संपवून यायचास आणि मागच्या दारी पाइप भरत बसायचास. भरायला वेळ, पेटवायला वेळ, ओढायला वेळ. तेवढा वेळ तुला कोणी हाक मारायचं नाही, मामीसुद्धा. मी आजवर बघितलेली घाई नसलेली गोष्ट ती तेवढी एकच. मला ती हवी आहे. बेचाळीस वर्षं सगळ्यांचं ऐकलं, आता एवढं माझ्या मनासारखं होऊ दे.

बाजारामागच्या गल्लीत एक तंबाखूचं दुकान आहे. काचेच्या कपाटात सरळ, वाकडे, बुटके, लांब मानेचे, खडबडीत, गुळगुळीत असे सगळे पाइप मांडलेत. सगळे ब्रायरचे, म्हणजे कसल्याशा झुडपाच्या मुळाची गाठ, जी लवकर जळत नाही, असं पाटीवर लिहिलंय. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "भावासाठी." मला भाऊ नाही. एवढं बोलले आणि स्वतःचाच राग येऊन बाहेर पडले.

तेव्हा सांग, पहिला पाइप निवडायचा कसा?

तुझी,
भिंगरी


१३ मार्च

भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाटलं थट्टा आहे. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की नाही, बाई खरंच पिसाळली आहे. या वयात हे काय डोहाळे लागले तुला? शिवण शीक, भिंतींना रंग दे, आईशी भांड. वेळ घालवायला माणसाला पाइपच लागतो असं नाही.

पण तू एखादी गोष्ट डोक्यात घेतलीस की ती खाली ठेवत नाहीस. लहानपणी माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसून होतीस, पाना हातात दिल्याशिवाय उठली नाहीस. म्हणून सांगतो, नीट लक्ष दे.

पाइप चकचकीत बघून घे. त्यात तोंड दिसलं पाहिजे. तंबाखू भरायची वाटी पातळ असावी, म्हणजे हाताला भार होत नाही. वाकडा मिळाला तर उत्तम, जितका वाकडा तितका चांगला. तंबाखू गच्च भर, अंगठ्याने दाबून दाबून, काठोकाठ. मग जोर लावून ओढ. धूर थांबता कामा नये, थांबला की विझला. ओढून झालं की गरम आहे तोवरच तोंडात धरायची नळी उपसून झटकायची आणि पुन्हा भरायचा. एका बैठकीत दोन-तीनदा भरलास तर हात लवकर बसतो.

मी ठणठणीत आहे. स्वयंपाकाचा कंटाळा येतो, दुधात पाव बुडवून खातो, पोट भरतं. फोनचं बघतो.

मामा


२४ मार्च

मामा,

आशीर्वाद मागायच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा थेट सांगते.

तू सांगितलंस तसाच घेतला. वाकडा, पातळ, चकचकीत. त्यात माझंच नाक भोपळ्याएवढं दिसत होतं. आमच्या लॅबमध्ये डॉक्टर जसं लिहून पाठवतात तसं आपण करायचं, डोकं चालवायचं नाही, ही मला सवयच लागली आहे. तुझं पत्र समोर ठेवून एकेक वाक्य वाचत गेले.

गच्च भरली. पेटवली. धूर येईना. ओढून ओढून माझी गालफडं आत गेली. आला तेव्हा एकदम आला, उकळता. जीभ अशी पोळली की दुसऱ्या दिवशी चहा फुंकून फुंकून प्यावा लागला. वाटी इतकी तापली की धरवेना, आणि तो आरशासारखा थर दुधावरच्या सायीसारखा फुगला आणि बोटांना चिकटला. आत बुडबुड पाणी वाजायला लागलं. मग तुझ्या आज्ञेप्रमाणे गरम असतानाच नळी उपसली. नळी हातात आली आणि तिचं टोक वाटीच्या लाकडी दांडीत तुटून बसलं.

आई समोरच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होती. शांतपणे म्हणाली, "यात सुख कुठे आहे ते जरा दाखव मला." मला रडू आलं, आणि ते धुराने आलं असं मी तिला सांगितलं.

माझं काय चुकलं? मी हाताने काम करणारी बाई आहे. मेणाचा दात केसभर इकडचा तिकडे झाला तर मला दिसतो. मग लाकडाची एक वाटी मला का जमू नये? याचं उत्तर मला हवं आहे.

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरीस आशीर्वाद.

असंच होतं सुरुवातीला. तू नीट गच्च भरली नसशील, बायकांच्या अंगठ्यात जोर कमी असतो. किंवा ओढायला घाबरली असशील. काही जणांना हे मानवतच नाही, त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. माझ्या बोटीवर एक खलाशी होता, सहा फूट उंच, समुद्राला न भिणारा. पाइप ओढला की उलटी करायचा. शेवटी त्याने नाद सोडला आणि सुखी झाला.

तूही सोड. तुटलेला पाइप फेकून दे आणि विसरून जा.

जिभेचं मात्र मला लगेच कळव. पोळलेली जागा बरी झाली का? कडेला आहे की टोकाला? पांढरं काही दिसतंय का, आरशात नीट बघ. पंधरा दिवसांत बरी झाली नाही तर लॅबच्या एखाद्या डॉक्टरला दाखव, तुझ्या तर रोजच्या ओळखीचे आहेत. हयगय करू नकोस. बरी होईपर्यंत कुठल्याही पाइपला हात लावायचा नाही, हे मी तुला बजावून सांगतो.

ताईला सांग, मी ठीक आहे.

मामा


१५ एप्रिल

मामा,

जीभ केव्हाच बरी झाली. माझी. तुझ्या जिभेचं काय करावं ते मला कळत नाही.

तुटका पाइप घेऊन मी पुन्हा त्या दुकानात गेले. या वेळी सरळ सांगितलं की भाऊ वगैरे कोणी नाही, मीच ओढणार आहे. मला वाटलं होतं तेवढा धक्का दुकानदाराला बसला नाही. म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं. भावासाठी घेणारी बाई पाइप नाकाशी नेऊन वास घेत नाही." मग पाइप उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "हे असं ओढायला कोणी शिकवलं? वैरी आहे का कोणी?" मी म्हटलं, "सख्खा मामा." "ते ओढतात?" "मला कळायला लागल्यापासून." त्यावर त्याने नुसती कपाटाची किल्ली काढली, आणि ते मला जास्त लागलं.

मग त्याने मला स्टुलावर बसवलं आणि दाखवायला सुरुवात केली. पहिला पाइप सरळ घ्यायचा, आत पाणी कमी साठतं आणि साफ करायला सोपा. चकाकणारा थर नको, नुसतं मेण चोळलेलं लाकूड हवं, त्याला उष्णता बाहेर टाकता येते. वाटीची भिंत जाड हवी आणि सगळीकडून सारखी. नळीतून पाइप साफ करायची केसाळ तार घालून बघायची, ती वाटीच्या अगदी तळाशी निघाली पाहिजे. वर निघाली तर खालची तंबाखू ओली राहते. लाकडात बारीक खड्डे असले तर हरकत नाही, पण ते पुट्टीने बुजवलेले नकोत. पुट्टी मात्र मी त्याच्या आधी शोधून दाखवली. रंगाला रंग जुळवणं हे माझं रोजचं काम आहे. तो खूश झाला आणि त्याने तीन पाइप स्वतःच बाजूला काढून टाकले.

भरायची सैल. सुरुवातीला अर्धीच वाटी. ओढायचं हळू, गरम चहाचा घोट घ्यावा तसं. विझला तर विझू द्यायचा. नळी थंड झाल्याशिवाय काढायची नाही. आणि एकदा ओढला की त्या दिवशी पुन्हा नाही, लाकूड वाळू द्यायचं.

वाचलंस? तुझ्या प्रत्येक वाक्याच्या बरोबर उलटं. एखाददुसरी गोष्ट चुकली असती तर म्हटलं असतं वय झालं, विसरला. सगळ्याच गोष्टी चुकायला माणसाला मुद्दाम बसून विचार करावा लागतो.

का केलंस तू असं? मी तुला माझ्या आयुष्यातली एक हौस सांगितली आणि तू माझं माकड केलंस. मला फार वाईट वाटलंय, मामा. रागापेक्षा जास्त.

एक साधा, तपकिरी, सरळ पाइप बाजूला ठेवायला सांगून आले आहे. तुझं उत्तर आल्यावरच घेईन, ही माझी शेवटची माणुसकी.

भिंगरी


२५ एप्रिल

भिंगरी,

हो, मुद्दाम केलं.

सरळ 'नको' म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी दोन घेतले असतेस. म्हटलं, पहिल्याच दिवशी तोंड पोळलं की आपोआप विटेल. बोटीवर नव्या पोरांची खोड आम्ही अशीच मोडायचो. तू त्या पोरांपेक्षा चिवट निघालीस, यात मला नवल वाटायला नको होतं. तुला वाईट वाटलं, ते मला बोचलं आहे. माफी मागायची मला सवय नाही, तरी हे माफीचंच समज.

हा नाद चांगला नाही. मी चाळीस वर्षं केला म्हणून तो चांगला होत नाही. पण तू ऐकणार नाहीस. तेव्हा निदान दुकानातला तो नवा घेऊ नकोस. सोबतच्या डब्यात माझा पाइप पाठवतो आहे. तोच, मागच्या दारी बसून ओढायचो तो. लाकूड चांगलं मुरलेलं आहे, जीभ पोळणार नाही. वाटीच्या आत काळा थर आहे, तो घाण म्हणून खरवडून काढू नकोस, त्यामुळेच लाकूड जळत नाही.

मला आता त्याचा कंटाळा आला आहे. महिनोन्महिने हात लावला नाही. तुझ्याकडे असलेला बरा.

मामा


४ मे

मामा,

पाइप मिळाला. मी तो पेटवलेला नाही.

डबा लॅबमध्येच उघडला, जेवणाच्या सुट्टीत. आधी नुसता वास घेतला, आणि तुझं मागचं दार डोळ्यांपुढे आलं. मग सवयीने दिव्याखाली धरला आणि चिमट्यात धरून भिंगातून नळी बघितली. माझ्यापुढे आलेली, तोंडात जाऊन आलेली कुठलीही वस्तू मी अशीच बघते, त्यात तुझ्यावर संशय वगैरे काही नव्हता.

नळीच्या काळ्या रबराच्या डाव्या कडेला खोल खुणा आहेत. तुझे दोन्ही हात तेलात असायचे आणि पाइप दातांत, डाव्या कोपऱ्यात. उजव्या कोपऱ्यातून तू शिव्या द्यायचास. त्या खुणा जुन्या आहेत, कडा झिजून गोल झाल्यात, त्यांत रबर तपकिरी पडलंय. ते ठीकच आहे.

पण उजव्या कडेलाही खुणा आहेत. त्या कमी आहेत, उथळ आहेत आणि नव्या आहेत. कडा अजून धारदार आहेत, रबर आत काळंभोर आहे. आणि त्यांच्याही नंतर तू पाइप दातांत धरायचंच सोडलंस, कारण नळीच्या मधोमध नुसती ओठांची झीज आहे, दाताचा ओरखडा नाही.

माझ्याकडे जुन्या कवळ्या येतात. एका बाजूने झिजलेल्या आणि दुसऱ्या बाजूने कोऱ्या. सोबत डॉक्टरची चिठ्ठी असते, 'रुग्णाला या बाजूने चावता येत नाही.' इतक्या वर्षांची बाजू माणूस उगाच बदलत नाही. दुखतं म्हणून बदलतो.

तुझ्या तोंडात डावीकडे काय झालंय?

आता मला सगळं कळतंय. दुधात बुडवलेला पाव. तो बिघडलेला फोन. माझी जीभ पोळली तेव्हा तुझी ती चौकशी, कडेला की टोकाला, पांढरं दिसतंय का. स्वतःला जे दिसलं तेच तू मला विचारत होतास. मी रागाच्या भरात होते आणि मला काही सुचलं नाही.

फिरवाफिरव न करता उत्तर दे. मला भीती वाटते आहे.

भिंगरी


१२ मे

भिंगरीस आशीर्वाद.

पाइप ओढायला पाठवला होता, पंचनामा करायला नाही.

एवढं काही नाही. डावीकडच्या खालच्या एका दाढेला धार आली होती, ती जिभेला घासायची. त्यामुळे जिभेच्या कडेला एक चट्टा पडला. यंत्राचा भाग घासत असेल तर काय करायचं, हे मला कोणी शिकवायला नको. पेटीतली सगळ्यांत बारीक कानस घेतली, गरम पाण्यात धुतली, आरशासमोर उभा राहिलो आणि दाढेची धार घासून गुळगुळीत केली. चार-आठ दिवस बरं वाटलं. मग पुन्हा थोडं दुखायला लागलं, म्हणून आणखी एकदा घासली. आता थोडं बोलताना लागतं, तेवढंच. शब्द जरा जड येतात. फोनवर तू 'काय? काय?' करशील म्हणून बोलत नाही. फोन चांगला आहे.

होईल बरं. लाकूड मुरायला वेळ लागतो, तसं मांसालाही लागतो. ताईला काही सांगू नकोस, ती उगाच घर डोक्यावर घेईल. आणि तू येऊ नकोस. तुझी कामं अर्जंट असतात.

मामा


१७ मे

मामा,

कानस. तू स्वतःची दाढ कानशीने घासलीस.

मी दिवसभर दात घासते, पण ते प्लास्टरच्या साच्यावरचे, आणि त्यांना जीभ नसते. तुझ्या इंजिनात काही घासलं तर तू आधी इंजिन बंद करायचास, खोलायचास आणि बघायचास. इथे न बघताच कानस चालवलीस. आणि दाढ गुळगुळीत झाल्यावरही चट्टा गेला नाही, तर मग दोष दाढेचा नाही, एवढं तुझ्यासारख्या माणसाला कळू नये? तुला कळलंय. मला खात्री आहे की तुला कळलंय, म्हणून तू पाइप सोडलास आणि म्हणून मला त्यापासून लांब ठेवायला एवढी उलटीपालटी पत्रं लिहिलीस. माझ्या जिभेला पंधरा दिवसांची मुदत दिलीस. तुझ्या जिभेला किती दिलीस?

लॅबचं काम देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, कोणाचं ते न सांगता. त्या म्हणाल्या, "आजच्या आज दाखवायला सांगा. लहानसा तुकडा काढून तपासतात, मग कळतं. काही नसलं तर उत्तमच. असलं तर लवकर कळलेलं बरं." एवढं साधं आहे. तुझ्या गावात मोठं हॉस्पिटल आहे, तिथे तोंडाचा विभाग आहे, मी चौकशी केली.

दुकानदाराला सांगून टाकलं की तो बाजूला ठेवलेला पाइप विकून टाका. त्याने कारण विचारलं नाही, बिचारा.

तू जा. मी पाया पडते, भांडते, काय म्हणशील ते करते. पण जा.

भिंगरी


३ जून

मामा,

उत्तर नाही. फोन चांगला आहे म्हणालास, तोही वाजून वाजून बंद होतो.

मी इथे बसून काय काय विचार करते ते तुला सांगून उपयोग नाही. काल एका कवळीचे पुढचे दोन दात उलटे बसवले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मालक ओरडला नाही, त्याने ते स्वतःच सरळ करून दिले. आईला कळू न देणं आता मला जमत नाही. ती रोज विचारते, "झालं का?" आणि मला वाटतं तिला कळलंय.

हा तुझा हट्ट नाही, हा माझा छळ आहे. मी रजा मागितली आहे. मिळाली नाही तरी निघेन.

भिंगरी


९ जून

भिंगरी,

शुक्रवारी गेलो होतो.

आधी दोनदा गेलो आणि फाटकातून परत आलो. तुला उत्तर लिहिलं नाही ते त्यामुळे, काय लिहिणार होतो, फाटक बघून आलो म्हणून? तिसऱ्यांदा आत गेलो. डॉक्टर मुलगी आहे, तुझ्याहून लहान. कानशीचं सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं. रागावली नाही. तुकडा काढला, त्याचं फार दुखलं नाही. पण तिने बोटाने जबड्याखाली दोन्ही बाजूंना बराच वेळ चाचपून बघितलं, आणि तेव्हा ती बोलायची थांबली. मी आयुष्यभर इंजिनाला कान लावून बसलेला माणूस आहे. गप्प होणं मला कळतं.

पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी निकाल आहे. म्हणाली, "सोबत कोणाला तरी घेऊन या." मी म्हटलं, "कोणी नाही." तिने तसं लिहून घेतलं.

घरी आलो आणि तुझ्या मामीची आठवण झाली. तिला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. मला वाटायचं, बाहेर बसलेल्या माणसाचा काय उपयोग, तो काही करू शकत नाही. शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली होती, "तुम्ही बाहेर आहात हे माहीत होतं, म्हणून मी आत गेले." तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. बायका काहीतरी बोलतात असं वाटलं होतं.

मला भीती वाटते, भिंगरी. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, मामीलाही कधी सांगितलं नव्हतं.

आज पुन्हा हॉस्पिटलात जाऊन आलो, खास तेवढ्यासाठी. खिडकीवरच्या बाईला म्हटलं, "त्या कागदावर 'कोणी नाही' लिहिलंय, ते खोडा." तिने विचारलं, "मग काय लिहू?" मी म्हटलं, "भाची." शब्द जड आला, तिला नीट कळला नाही. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "येतील ना नक्की?"

मी हो म्हणून आलो आहे. मंगळवारच्या गाडीने निघ. ताईलाही आण.

मामा